मनकर्णाच्या जागी

माझ्या वडलांना एका कावळ्यानं शाळेत घातलं. वडील, उद्धवराव, तेव्हा पन्नाशीला टेकले होते. कावळा महाराष्ट्रातला होता.

हे जरा नीट सांगायला हवं. आमचं गाव बेल्याच्या पुढं, पैनगंगेला लागून. नदीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं महाराष्ट्र. मोठी झाडं सगळी पलीकडं, म्हणून कावळेही पलीकडं राहतात आणि कामापुरते इकडं येतात. आमचे तिकडचे सोयरेही तसंच करतात.

गोष्ट सुरू होते मायपासून. माझी माय मनकर्णा गावच्या अंगणवाडीत आया होती. पोरांना घराघरांतून गोळा करून आणायचं, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, दुपारी ज्याचं पोर त्याला परत द्यायचं. अंगणवाडीच्या टीचर थोड्याच दिवसांत रिटायर होणार होत्या आणि आयाला टीचर होता येतं, असं मायला कळलं. अट एकच, दहावी पास पाहिजे. माय सातवीत असताना तिचं लग्न झालं होतं, त्यामुळं दहावीशी तिची कधी भेटच झाली नव्हती. तिनं ओपन स्कूलमध्ये नाव घातलं. घरी अभ्यास करायचा, रविवारी आदिलाबादला वर्गात बसायचं आणि परीक्षा द्यायची.

तिनं नाव घातलं तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. पुस्तकं आली तेव्हा तेलंगणात. घर तेच, चूल तीच, म्हैसही तीच.

"पाह्य बापा," माय मला म्हणाली, "इतके लोकं मिळून एक अख्खं राज्य काढू शकतेत, तं मी एक दहावी नाई काढू शकत?"

वडील भाजीपाला लावायचे. वांगी, गवार, पालक, थोडी मिरची. माल बेल्याच्या बाजारात आणि आदिलाबादला जायचा. मायच्या अभ्यासाची ते थट्टा करायचे.

"दहावी होऊन का करशीन वं? वांग्यायले इंग्रजीत हाक मारशीन?"

"इंग्रजी घेतलीच नाई मी," माय म्हणायची. "तेलुगूत मारीन."

रविवारी मायला मोटारसायकलवर आदिलाबादला सोडायचं काम वडलांचं. माय कधीची तयार असायची. दारात उभी, पायात चपला, काखेत पुस्तकांची पिशवी. वडील मळ्यातून ओरडायचे, "थांब, एवढं एक कॅरेट भरतो वांग्याचं!" एक झालं की आणखी एक. मी म्हणायचो, माय, बस ना तोपर्यंत. ती म्हणायची, "बसली का ते आनखी एक भरतीन. उभी दिसली तं लाज वाटते त्याइले." वडलांना लाज वाटायला साधारण तीन कॅरेट लागायची. ती पोचायची तेव्हा वर्ग अर्धा झालेला असायचा. "अर्धं अर्धं करून कधीतरी पुरं होईन," ती म्हणायची.

पोळा झाला आणि गावात ताप आला. अंगणवाडीतल्या पोरांचा ताप उतरला, मायचा उतरला नाही. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू म्हणाले. बाटल्या लावल्या. मग ती गेली. या भागात मला गंमत सुचत नाही, म्हणून पुढं जातो.

वडील रडले नाहीत. गावानं हे लक्षात ठेवलं. माणसं भेटायला यायची, गप्प बसायची, आणि निघताना 'येतो' न म्हणता उठून जायची. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. दुःख परत यायला नको म्हणून. शेजारच्या म्हाताऱ्या बयनाबाईला हे सगळं माहीत होतं, पण तिच्या जिभेला माहीत नव्हतं. ती रोज येऊन बसायची, उठायची, "येते बरं" म्हणायची, फाटकापर्यंत जायची, तिथं तिला आठवायचं, मग ती घाईघाईनं परत येऊन दारातून सांगायची, "नाई येत. नाई येत." आणि दुसऱ्या दिवशी यायची.

दहाव्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. मायचा भाऊ, भगवंतमामा, आला होता. वडलांची थोरली बहीण प्रयागआत्या भैंशाहून आली होती. महाराजांनी विधी केला, भाताचा पिंड पत्रावळीवर ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरकून उभे राहिलो. कावळा पिंडाला शिवला, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा मागं उरलेली नाही. नाही शिवला, तर उरली आहे. मग ती घरच्यांनी ओळखायची आणि पुरी करायचा शब्द द्यायचा. तेव्हा ते माणूस सुटतं.

पलीकडच्या चिंचेवर कावळे बसले होते. बघत होते. येत नव्हते.

आत्या पुढं झाली. "मनकर्णे, तुह्या म्हशीची काळजी करू नोको. मी नेते अन् लेकीसारखी सांभाळते."

कावळे हलले नाहीत. ती म्हैस मायला लाथा मारायची, याची आत्याला कल्पना नव्हती.

मग मामा पुढं झाला. माहेरच्या वावरातल्या वाट्याबद्दल तो काहीतरी म्हणाला. पण इतक्या हळू म्हणाला, की ते मलाही नीट ऐकू आलं नाही, आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो.

मग मला ढकललं. मी म्हणालो, "माय, मी दारू पिणार नाही." मी पीतच नव्हतो. कावळ्यांना ते ठाऊक असावं.

ऊन चढलं. महाराजांना बेल्याला दुसरीकडं जायचं होतं. ते म्हणाले, "उद्धवराव, दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात चालते."

"गवताचा?" वडील म्हणाले.

"हाव. सगळेच करतेत."

"नोको महाराज. तिनं जनमभर कोनाचं खोटं काम केलं नाई. तिले गवताचा कावळा नोको."

वडील एकटे पिंडापर्यंत गेले. ओलं धोतर पायाला चिकटलेलं. आजवर त्यांनी मायला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अवं' एवढंच तिचं नाव होतं. त्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "मनकर्णा. तुही दहावी मी करतो."

कावळा आला.

त्याच वेळी पलीकडच्या काठावर कोणीतरी मोटारसायकलला किक मारली होती आणि चिंचेवरचे सगळेच कावळे उडाले होते. हे मला स्वच्छ दिसलं. मी तिथल्या तिथं सांगितलंही. "गप रे!" आत्या म्हणाली. एक कावळा सरळ आमच्याकडं आला, पिंडात चोच घातली, भात उचलला आणि आपल्या राज्यात परत गेला. बायका रडायला लागल्या. मामाही रडला, त्याचा वाटा वाचला होता.

वडील रडले नाहीत. परतताना त्यांनी मला फक्त विचारलं, "तिचे पुस्तकं कोठी हायेत?"

*

मी तेव्हा आदिलाबादला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा होतो, म्हणून घरात शिक्षणातला जाणकार मी. वडलांना ओपन स्कूलच्या केंद्रावर मीच घेऊन गेलो. वडलांचं म्हणणं सोपं होतं. त्यांनी मायचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मेरी औरत की जगा खाली हुई. उसके जगा पे मेरेकू बिठाओ."

कारकुनानं ओळखपत्रावरचा फोटो बघितला, वडलांना बघितलं. "काका, ये नौकरी नहीं है. दसवीं अनुकंपा पे नहीं मिलती."

"तो कैसी मिलती?"

"पढ़ के."

वडलांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सरकारी खात्यात असं काही असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"ठीक है. पढ़ता."

"सब्जेक्ट कौन से?"

"उसने लिये वोच."

कारकून मायचे विषय वाचत गेला. मराठी, तेलुगू, सोशल, सायन्स. पाचव्यावर थांबला. "काका, ये होम सायन्स है. औरतें लेती हैं. आपको इकॉनॉमिक्स लिख देता हूँ."

"उसने लिया ना?"

"हाँ, मगर…"

"तो लिखो."

असे माझे वडील गृहविज्ञानाच्या वर्गात गेले. पहिल्या रविवारी मी दारातून बघत होतो. सगळ्या बाया. वडील आत शिरले तशा त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, तपासणीला कोणी आलं. वडलांनीही सगळ्यांना नमस्कार केला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शिकवायला जयवंता मॅडम होत्या. नांदेडकडच्या, लग्न होऊन आदिलाबादला आलेल्या. त्यांनी चष्म्यावरून वडलांकडं पाहिलं, काही विचारलं नाही आणि फळ्यावर लिहिलं, 'कपड्यांवरील डाग'.

वडलांनी सगळं उतरवून घेतलं. घरी आल्यावर माझ्या सदऱ्यावरचा एक जुना डाग काढला. मग दुसऱ्या सदऱ्यावरचा. डाग संपले तेव्हा बयनाबाईकडून मागून आणले.

नंतर समतोल आहार आला आणि माझे हाल सुरू झाले. वडलांनी पुस्तक चुलीशेजारी उघडून ठेवलं आणि स्वयंपाक शिकायला घेतला. त्यांची पहिली भाकर नव्या राज्याच्या नकाशासारखी झाली. त्यानंतरच्या, जिल्ह्यांसारख्या. जेवताना मला विचारायचे, "लोह कशात असते?" मी म्हणायचो, पालकात. "मंग खाय." आमच्या मळ्यातला पालक बाजारात जायचा कमी झाला.

हळूहळू भाकरी गोल झाल्या. मग फुगायलाही लागल्या. मायसारख्या नाही, पण मायनं पाहिल्या असत्या तर बोलली नसती, एवढ्या.

गाव आधी हसलं. मारोतराव म्हणून आमच्या गावचे माजी सरपंच. ते वडलांना पारावरून हाक मारायचे, "काय उद्धवराव, आज दाळीले कोनती फोडणी?" वडील थांबून फोडणी सांगायचे. सविस्तर. मारोतरावांच्या बायकोनं ती एकदा करून बघितली, आणि त्यानंतर मारोतराव हसले नाहीत.

मराठीत वडील पहिल्या झटक्यात पास झाले. तेलुगू त्यांना बाजारामुळं बोलता यायचं. अक्षरं त्यांनी बस स्टँडवरच्या पाट्यांवरून गिरवली. त्यातही पास. सायन्सला एकदा आपटले, दुसऱ्यांदा उठले. सोशलच्या पेपरात प्रश्न होता, तेलंगणात जिल्हे किती? वडलांनी लिहिलं, दहा. पास झाले. पुढं दसऱ्याला सरकारनं जिल्हे फोडले आणि दहाचे एकतीस केले. आमच्या एका आदिलाबादचे चार झाले. वडलांचं बरोबर उत्तर पास झाल्यावर चुकलं. आता दिलेले मार्क परत घेतील का, या काळजीनं ते मला दोनदा केंद्रावर घेऊन गेले. कारकून म्हणाला, "नहीं काका, जो हो गया सो हो गया." वडलांना हे पटायला वेळ लागला.

राहिलं गृहविज्ञान. पहिल्यांदा नापास. मी म्हणालो, होतं असं. दुसऱ्यांदाही नापास. तेव्हा मी मार्क बघितले. लेखीत शून्य. आधीच्या वेळीही शून्य.

थोड्या दिवसांनी कॉलेजच्या रस्त्यावर जयवंता मॅडम भेटल्या. त्यांनी मला ओळखलं.

"तू उद्धवरावांचा मुलगा ना? अरे, प्रॅक्टिकलला त्यांनी ज्वारीची आंबील केली, ती परीक्षकांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. माझ्या वर्गात त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. आणि लेखीला शून्य?"

"वय झालं मॅडम. विसरत असतील."

"विसरणाऱ्याला शून्य पडत नाही," मॅडम म्हणाल्या. "पाच-सात तरी पडतातच. मी इतकी वर्षं पेपर तपासतेय. शून्य पडायला कागद कोराच द्यावा लागतो." त्या एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी वडील भाकरी थापत होते. मी समोर जाऊन बसलो.

"बाबा, होम सायन्सचा पेपर कोरा काऊन देता?"

"कोनं सांगतलं?"

"शून्यानं."

त्यांनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "येते मले सगळं."

"मंग लिहा ना."

"तेवढंच राह्यलं ना आता."

मला समजलं नाही. ते भाकरीकडं बघतच बोलत राहिले. "चार झाले. हा एक झाला का झालं. तिचं काम झालं. मंग ती काऊन राहीन इथं?"

"बाबा, माय गेली."

"कोठी गेली? कावळा शिवला तो शब्दावर शिवला. शब्द अजून पुरा नाई झाला. तवर जाता येत नाई तिले."

मी म्हणालो, नियमानं बघितलं तर हे बरोबर आहे. 

"तीन तास का करता मंग तिथं?"

"बसतो."

"नुसते?"

"तिच्या जागेवर बसतो," वडील म्हणाले. "पंखा असते. कोनी बोलत नाई. तिनं नाव घातलं व्हतं ना, ते जागा तिची. मी बसतो तिथं." मग त्यांनी भाकर निखाऱ्यावर उभी केली. "किती वर्सं देता येते हा पेपर?"

"पाच."

"मंग हाये ना अजून," ते म्हणाले. भाकर फुगली. त्यांनी ती माझ्या ताटात टाकली.

*

त्या वर्षी प्रयागआत्या भाऊबीजेला आली ती भांडतच आली. भैंसा नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं होतं.

"मी घरातून उठली नाई, भांडं हालवलं नाई, अन् मले परजिल्ह्यात टाकलं! भावाच्या जिल्ह्यातली व्हती, आता पावनी झाली. उद्धवा, यंदा ओवाळनी जिल्ह्याबाहेरची पायजे."

"आत्या, तू तिथंच हायेस," मी म्हणालो. "जिल्हा सरकला."

"तेच तं! मानूस जाग्यावर असते अन् गेलं म्हनतेत."

वडील यावर हसले नाहीत. ते पाट मांडायला आत गेले.

ओवाळून झाल्यावर वडील मळ्यात गेले, तेव्हा मी आत्याला पेपराचं सगळं सांगितलं. ती कोणाचंही ऐकून घेत नाही, पण हे तिनं पूर्ण ऐकलं. नंतर संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. आत्या बोलत नाही म्हटल्यावर म्हैससुद्धा दोनदा वळून बघून गेली.

सकाळी वडील चहा पीत होते. आत्या समोर येऊन बसली.

"उद्धवा, मनकर्णा दिसली सपनात."

वडलांची कपबशी थांबली. "कशी हाये?" त्यांनी विचारलं. गावाला गेलेल्या माणसाबद्दल विचारावं, तसं.

"दारात उभी व्हती. पायात चपला, काखेत पिशवी. म्या म्हनलं, बस वं. बसेना. म्हने, बसली का ते आनखी एक कॅरेट भरतीन."

वडील दाराकडं बघत राहिले.

"किती दिस उभी ठेवतं तिले?" आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "निंगाची झाली ना ते. पाय दुखत नसतीन?"

वडलांनी कपबशी खाली ठेवली. चहा अर्धा होता. ते उठून मळ्यात गेले आणि जेवायला आले नाहीत. त्या दिवशी भाकरी आत्यानं केल्या. वातड झाल्या होत्या, पण मी बोललो नाही.

बसमध्ये बसवताना मी तिला विचारलं, "आत्या, खरंच सपन पडलं का तुले?"

"पडलं का पाडलं, तुले का करायचं?" ती म्हणाली. "तिचे पाय दुखत व्हते, हे खरं हाये ना?"

कॅरेटचं तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. माय दर रविवारी रात्री तिला फोन लावून गाऱ्हाणं सांगायची, ते मीच ऐकलेलं होतं.

*

परीक्षा उन्हाळ्यात होती. पेपराच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर वडील दारात उभे. पायात चपला. काखेत पिशवी. मायचीच.

"बाबा, बसा ना जराशे. मी गाडी पुसतो."

"बसत नाई," ते म्हणाले.

मी गाडी पुसली नाही.  जैनथचा फाटा मागं पडला तेव्हा एकदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परत काढून घेतला. मला वाटलं, त्यांना थांबायचं असेल. मी वेग कमी केला. "चाल," ते म्हणाले.

केंद्राच्या आवारात कडुनिंब होता. मी त्याखाली बसलो. ऊन असं, की सावलीसुद्धा गरम. आत त्यांनी कागद कोरा ठेवावा की भरावा, यातलं मला काय हवं होतं, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. भरला, तर माझी माय जाणार होती. कोरा ठेवला, तर ती दारात उभी राहणार होती. बी.कॉम.मध्ये असला प्रश्न कधी आला नव्हता. आला असता, तर मी तोही सोडून दिला असता.

बाया एकेक करून बाहेर आल्या. बेल झाली. आणखी बाया आल्या. वडील सगळ्यात शेवटी आले. बोटांना शाई लागली होती. शाईचा डाग कसा काढतात ते त्यांना पाठ होतं, पण त्यांनी हात तसेच ठेवले होते.

"लिहिलं?" मी विचारलं.

"पुरवण्या घेतल्या."

"का आलं होतं?"

"गृहिनीच्या कामाचं नियोजन करा म्हने. एका दिवसाचं." ते निंबाखाली टेकले. "तिचाच एक दिवस लिवला. चार वाजता उठली, तेथून धरलं. सडा टाकला. म्हशीची लाथ खाल्ली. तुहा डबा केला. पोरं गोळा केले. लिवतच गेलो. मास्तरनं पेपर ओढला, तवा ते अंगनवाडीतून घरी येऊन राह्यली व्हती."

मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी हातात धरली, प्यायले नाहीत.

"वाटेत व्हती," ते म्हणाले. "घरापोत नाई आनता आली."

*

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. बेल्याच्या इंटरनेटच्या दुकानात मी नंबर टाकला. पास. दुकानदारानं माझा हात हातात घेऊन हलवला. आपला बाप दहावी झाल्यावर माणसानं काय करायचं असतं, ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी पेढे घेतले. बराच वेळ गाडीवर नुसता बसून राहिलो. मग घरी आलो.

बातमी माझ्याआधी पोचली होती. दुकानदारानं कोणाला तरी फोन केला असणार. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, माणसं जमलेली. मारोतराव झेंडूचा हार घेऊन आले होते. बयनाबाई पुढंच बसली होती.

"वाघ झाले राजा, उद्धवराव!" मारोतराव ओरडले आणि त्यांनी वडलांच्या गळ्यात हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे वाटले.

वडील माझ्याकडं बघत होते. "होम सायन्स?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा. सगळे विषय झाले."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी दाराकडं बघितलं. दारात कोणी नव्हतं. बाहेरचं ऊन होतं आणि उंबऱ्याशी लोकांच्या चपला होत्या. वडील तिकडं बघत राहिले. आणि मग ते रडायला लागले.

आधी लोकांना वाटलं, आनंदानं. एकदोघं हसलेही. "अरे, होते असं," मारोतराव म्हणाले. पण ते थांबेनात. हार गळ्यात तसाच, दोन्ही हात सतरंजीवर टेकलेले, आणि माणूस ढसाढसा रडतो आहे. पैनगंगेच्या काठावर जे राहून गेलं होतं, ते सगळं आलं. मध्येच ते "मनकर्णा" म्हणाले. जन्मात दुसऱ्यांदा. 

 ज्यांच्या हातात पेढा होता, त्यांना तो खावा की ठेवावा कळेना. एकानं खिशात टाकला. मारोतरावांनी पुढं होऊन वडलांच्या गळ्यातला हार हळूच काढला, बाजूला ठेवला आणि स्वतः त्यांच्या शेजारी टेकले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली. ते पाहून बाकीच्यांनीही टोप्या काढल्या. बाया आत गेल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. मायच्या वेळी बसल्या होत्या, तशाच. मी वडलांच्या मागं बसलो. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ खूप वेळ हलत होती.

माणसं बसली. उन्हं ओसरीवरून उतरली. मग एकेक जण उठला, वडलांच्या खांद्याला हात लावला, उंबऱ्याशी जाऊन चपला शोधल्या आणि निघाला. अभिनंदनाला आलेली माणसं. कोणीच 'येतो' म्हणालं नाही. मारोतरावसुद्धा नाही.

बयनाबाई सगळ्यांत शेवटी उठली. पेढा तिनं पदराच्या टोकाला बांधला. दारात पोचल्यावर सवयीनं तिचं तोंड उघडलं. मग तिनं पदराची ती गाठच तोंडावर धरली आणि तशीच फाटकापर्यंत गेली. मी बघत होतो. ती परत आली नाही.